ग्राहकाने केलेले नुकसान

लॅपटॉप उघडताना डाव्या बिजागरीपाशी ‘कट्’ असा आवाज झाला आणि त्या कोपऱ्यात चौकट फाकली. एवढंच. तो माझ्या हातून पडला नव्हता, त्यावर कुणी बसलं नव्हतं, मांजर आमच्याकडे नाही. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून बिल घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं.

“मॅडम, हे सीआयडीत जाईल,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

प्लॅस्टिकच्या एका तुकड्यासाठी थेट गुन्हे अन्वेषण? तर नाही. सीआयडी म्हणजे कस्टमर इन्ड्यूस्ड डॅमेज. नुकसान ग्राहकाने केलं, सबब वॉरंटी लागू नाही.

“पण मी केलं काय?”

“तुम्ही रोज उघडता ना लॅपटॉप?”

“उघडणारच. बंद ठेवून काम कसं करू?”

“एका हाताने उघडता की दोन?”

सासरी पहिल्या दिवशीसुद्धा माझी इतकी बारीक उलटतपासणी झाली नव्हती. वर तो मुलगा म्हणाला, कोपऱ्याला धरून उघडलं की लोड येतो, मधोमध धरायचं असतं. आणि त्याने काउंटरवरचा लॅपटॉप दोन बोटांनी उघडूनही दाखवला. तीस वर्षं दारं, डबे, कपाटं आणि बँकेची खाती उघडल्यावर मला हे शिकवलं जात होतं. पुढे कळलं की बिजागरी सुटी मिळत नाही. तळाचं कव्हर, पडद्याची मागची बाजू, दोन्ही बिजागऱ्या, सगळी असेंब्ली बदलावी लागते. एस्टिमेट लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला भिडत होतं.

“विचार करून सांगते,” म्हणून मी मागे खुर्चीवर येऊन बसले. कंपनीचं नाव इथे घेणार नाही. उखाण्यातसुद्धा घेणार नाही. तसंही या सेंटरात चार-पाच कंपन्यांचं काम एकाच काउंटरवर चालतं. जाहिरातीत एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या कंपन्या इथे एकाच फडताळात गुण्यागोविंदाने नांदतात.

“हिंज?” शेजारून आवाज आला.

सत्तरीचे काका. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि एक बोटभर स्क्रूड्रायव्हर, मांडीवर साडीच्या दुकानाची कापडी पिशवी.

“हिंज,” मी म्हटलं.

“डावी?”

“डावी.”

काकांना मनापासून समाधान झालेलं दिसलं. “अहो, बिजागरी पोलादी. आणि तिचे स्क्रू कशात? तर प्लॅस्टिकात बसवलेल्या पितळेच्या इवल्याशा नळ्यांत. बिजागरी घट्ट होत जाते, प्लॅस्टिक ठिसूळ होत जातं. तुम्ही मधोमध धरा, कोपऱ्याला धरा, नाहीतर नमस्कार करून उघडा. ते तुटणारच.”

त्या क्षणी मला काका माहेरचे वाटले. तो क्षण फार टिकला नाही.

“पण तुम्ही ही कंपनी घेतलीच कशाला?”

हा प्रश्न फक्त लॅपटॉपवाल्यांच्या नशिबी असतो. कावीळ झालेल्या माणसाला कुणी विचारत नाही, की बाबा, हेच यकृत का घेतलंस? लॅपटॉप बिघडला की मात्र सगळा समाज तुमच्या निवडीचं शवविच्छेदन करायला बसतो. आणि मी काही डोळे मिटून घेतला नव्हता. यूट्यूबवरच्या पोरांचे व्हिडिओ पाहिले होते. ती पोरं खोकं उघडतात, कळफलकावर बोटं नाचवतात, झाकण एका बोटाने उचललं जातं का ते पाहतात आणि ‘बिल्ड क्वालिटी एकदम सॉलिड’ म्हणून निकाल देतात. आठवडाभराच्या संसारावर कसला निकाल? तिसऱ्या वर्षी बिजागरी काय करते हे सांगायला त्यातलं कुणी थांबलेलं नसतं. ते पुढचं खोकं उघडायला गेलेले असतात. घरच्या ग्रुपवर विचारलं, तर भाच्याने लिहिलं, “मॅक घे, विषय संपव.” दीर म्हणाले, “आमच्या ऑफिसात सगळे डेल.” नणंदेने गुलाबाचं फूल पाठवलं.

शोधता शोधता एक जुनी आकडेवारीही हाती लागली होती. अमेरिकेत वॉरंट्या विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड कंपनीने २००९ साली तीस हजारांवर लॅपटॉपांचा हिशेब मांडला होता. तीन वर्षांत जवळजवळ तिनातला एक कामातून जातो. त्यातले दोन तृतीयांश आपले आपण बिघडतात, उरलेले पडून-सांडून. सगळ्यांत कमी बिघडणारे कोण, तर आसूस आणि तोशिबा. मी हरखले आणि तोशिबा शोधायला लागले. तर तोशिबाने २०१८ साली हा धंदा बव्हंशी शार्पला विकलेला, आणि २०२० साली उरलासुरला हिस्साही देऊन टाकलेला. ज्यांनी १९८५ सालीच लॅपटॉप बाजारात आणला, ज्यांचे कमी बिघडायचे, तेच दुकान बंद करून घरी गेले. लॅपटॉप टिकाऊ बनवण्याचं बक्षीस काय मिळतं, ते त्यातून समजलं.

हे सगळं काकांना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. काळा, चौकोनी, पाटावरवंट्याच्या वजनाचा, कळफलकाच्या मधोमध लाल टिकली.

“थिंकपॅड. टी-४३०. मॉडेल २०१२ सालचं. आयबीएमने हे नाव १९९२ साली काढलं, २००५ साली लेनोवोला विकलं. हा विकल्यानंतरचा, पण हाड जुनंच. खाली बघा.” त्यांनी लॅपटॉप उलटा केला. “ही भोकं दिसली? कळफलकावर पाणी सांडलं की इथून खाली जातं. मदरबोर्डाला थेंब लागत नाही.”

“छान आहे,” मी म्हटलं.

काकांना तेवढ्यावर चैन पडेना. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

“नको हो काका.”

“तुमचा विश्वास बसलेला नाही.”

“बसला, बसला.”

“तुम्ही नुसतं म्हणताय.” झाकण फिरलं. तिकडून सुरक्षारक्षक धावला, काउंटरवरची मुलगी किंचाळली, “काका, फरशीवर पाणी नको, सकाळीच पुसलीय!” एवढ्या लॅपटॉपांच्या इस्पितळात एका लॅपटॉपवर पाणी ओतलं जातंय याची काळजी कुणालाच नव्हती, काळजी फरशीची. काकांनी बाटली बंद केली, पण “खरं काय ते दाखवू देत नाहीत,” असं मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

समोरच्या खुर्चीतल्या तरुणाला राहवलं नाही. ऑफिसचा लॅपटॉप जमा करायला आला होता, स्वतःचा चंदेरी मॅकबुक मांडीवर. “अंकल, मॅकवर हे असलं काही लागतच नाही.”

काकांनी चष्मा वर केला. पुढच्या प्रसंगाची ते सकाळपासून वाट बघत असावेत.

“२०१५ ते २०१९. बटरफ्लाय कीबोर्ड. धुळीचा कण गेला की बटण अडकायचं. २०१८ साली फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली त्यांना. खटल्यात पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. बरोबर?”

“ते जुनं झालं. २०२० साली ॲपलची स्वतःची एम-वन चिप आली. बॅटरी दिवसभर जाते, पंख्याचा आवाज नाही.”

“चांगला आहे. नाही कोण म्हणतं? आता त्याची रॅम वाढव.”

“वाढत नाही.”

“बरं, रॅम नको. एसएसडी मोठी टाक.”

“सोल्डर केलेली आहे.”

“म्हणजे फ्लॅट तुझा, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर बिल्डरला विचार.”

पोरगा घायाळ झाला, पण पळाला नाही. त्याने तोफ विंडोजकडे वळवली. १९ जुलै २०२४ ला जगभरात ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले, ते काय होतं? आणि मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, “ती चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या अपडेटची होती.” म्हणजे बघा. त्याच विंडोजने आदल्याच दिवशी, मजकूर पाठवायच्या ऐन वेळी, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असा दम देत मला चहाचे दोन कप होईस्तोवर ताटकळत ठेवलं होतं. आणि मी तिची बाजू घेऊन भांडत होते. ऑपरेटिंग सिस्टीम ही माणसाला अशी चिकटते. घरात शंभर शिव्या घालू, पण बाहेरच्याने बोट दाखवलेलं खपत नाही.

“तुमच्यात विंडोज कुठलं?” काकांनी विचारलं.

“माझ्यात अकरा. ह्यांच्या जुन्यात दहा.”

“दहा मेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला.” तिथीसकट सांगितलं त्यांनी. “आणि जुन्यात अकरा जायचं नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. लॅपटॉप धडधाकट, पण पिढी खालची म्हणून सोयरीक नाही. मिंट टाका.”

मिंट म्हणजे लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम. इथून काका जे सुटले ते केरळात जाऊन पोचले. तिथल्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवर शिकतात, आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स काढली, आणि आपण मात्र एमएस-सीआयटी करून विंडोजच्या दावणीला बांधून घेतलं. हे सगळं खरं आहे. पण माझ्याकडे प्रकाशकांच्या फायली श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरात येतात आणि ते माझ्याकडे विंडोजवर चालतं. तसं मी सांगितलं.

“मग वाइन घ्या,” काका ठणठणीत आवाजात म्हणाले. “मी रोज घेतो. वाइन असली की लिनक्सवर विंडोजचं बरंच काही चालतं.”

यातला ‘मी रोज घेतो’ एवढाच भाग पलीकडच्या बाईंपर्यंत पोचला असावा. त्यांनी पर्स उचलली आणि तीन खुर्च्या सोडून बसल्या.

मग काकांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “एक सांगू? हे सगळे बनवतं कोण, माहीत आहे? तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक. क्वांटा ॲपललाही बनवून देते, डेललाही, एचपीलाही. वर नाव ज्याचं त्याचं.”

मॅकवाल्या पोराने मांडीवरच्या यंत्राकडे अशा नजरेने पाहिलं, की मला त्याची दया आली.

“मग माणसाने घेताना बघायचं काय?” मी विचारलं.

“कंपनी बघायचीच नाही. मालिका बघायची. एकाच कंपनीची ऑफिसांना विकायची मालिका वेगळी, घरच्यांना विकायची वेगळी. ऑफिसवाल्यात बिजागरी धातूच्या सांगाड्याला कसलेली असते, सुटे भाग मिळतात. घरच्यात प्लॅस्टिक.”

“आणि किंमत?”

“ती पण वेगळी. दीडपट, कधी दुप्पट.”

इथे माझं डोकं फिरलं. कारण म्हणजे हे त्यांना ठाऊक आहे. धातूला कसलेली बिजागरी कशी बनवायची हे त्याच कंपनीला, त्याच कारखान्याला ठाऊक आहे. आमच्यासारख्या, स्वतःच्या पैशांनी हप्त्यावर घेणाऱ्यांना ती द्यायची नाही एवढंच ठरलेलं आहे. आणि ती तुटली की चौकशी आमच्या मनगटाची. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी गुण लिहावे लागतात, की हा दुरुस्त करायला किती सोपा. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. पोर्टल पाहायला काय लागतं? चालू लॅपटॉप.

तेवढ्यात काकांचा नंबर पुकारला. थिंकपॅड पिशवीत गेला आणि दुसरा लॅपटॉप बाहेर आला, जावयाचा. घेताना जावयाने काकांना विचारलं नव्हतं, हे त्यांनी काउंटरपर्यंतच्या चार पावलांत मला दोनदा सांगितलं.

“याचा खालचा एक स्क्रू पडलाय. एक स्क्रू द्या.”

“सुटा स्क्रू येत नाही काका. बॉटम कव्हर असेंब्ली येईल.”

“कव्हर आहे. स्क्रू नाही.”

“असेंब्लीत स्क्रू येतात सगळे.”

“मला सगळे नकोत. बाकीचे आहेत.”

“मग लॅपटॉप जमा करा, इंजिनीअर निदान करतील. निदानाचे चार्जेस भरावे लागतील.”

“निदान झालंय,” काका म्हणाले. “स्क्रू नाहीये.”

मुलाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, स्क्रू नाही हा प्रॉब्लेम सिस्टीम घेत नाहीये.” त्या मुलाचा काही दोष नव्हता. त्याच्यासमोर पडद्यावर जेवढे पर्याय होते, तेवढेच आजार जगात होते.

मी माझा लॅपटॉप परत मागितला. त्यासाठीही एक कागद होता. त्यावर ‘नुकसान ग्राहकाकडून’ आणि त्याखाली ‘ग्राहकाने दुरुस्ती नाकारली’ असं छापलेलं. दोन्हींपुढे खूण आधीच केलेली, सही तेवढी माझी. चोरी झालेल्या घरमालकाकडूनच कबुलीजबाब घ्यावा तसा प्रकार. मी विचारलं, “मी हे केलेलं नाही, असं लिहू का?” तर म्हणाला, “रकाना नाही मॅडम.”

खाली चहाच्या टपरीशेजारी एक दुरुस्तीवाला बसतो, त्याच्याकडे काका मला घेऊन गेले. त्याने जावयाच्या लॅपटॉपसाठी डबीतून एक स्क्रू शोधून दिला, पैसे घेतले नाहीत. माझ्या बिजागरीखाली पत्र्याची पट्टी टाकून दोन भागांचा तो चिकट लेप लावला आणि उद्यापर्यंत उघडू नका म्हणाला. एस्टिमेटवरच्या जीएसटीइतकेही पैसे लागले नाहीत. कुठल्या हाताने उघडता, हे त्याने विचारलं नाही.

काकांनी नंबर घेतला आहे. रविवारी ते पेनड्राइव्ह घेऊन ह्यांच्या जुन्या लॅपटॉपात मिंट टाकायला येणार आहेत आणि ह्यांनी फोनवर परस्पर पत्ताही देऊन टाकला आहे. सर्व्हिस सेंटरचाही मेसेज आलाय. निघताना काउंटरवरचा मुलगा अजिजीने म्हणाला होता, “मॅडम, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.” म्हणजे कंपनीवरचा राग काढायचा, तर तो त्या पोराच्या पगारातूनच निघणार. मेसेज उघडून पाहिला. आकडे एकपासून सुरू होतात. शून्याची सोय ठेवलेली नाही.