बारावीच्या पोरांना त्यांचं त्यांना बनवू द्या

परवा आमच्या इथे मिशिगनमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने विचारलं, अगं मुलगा पुढच्या वर्षी सीनियर होतोय, म्हणजे बारावीत जातोय, ते इंजिनिअरिंगचं वर्षभराचं प्रोजेक्ट घेऊ देत का त्याला? ॲडमिशनला तर धरत नाहीत म्हणे. तेव्हा वाण देता देता काय बोलणार, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, मोठं होईल पण वाचा.

धरत नाहीत हे खरंय. कॉलेजचे फॉर्म जातात नोव्हेंबर नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला, एक मेपर्यंत कुठलं कॉलेज ते ठरवून मोकळं व्हायचं, आणि हे प्रोजेक्ट उभं राहतं मेमध्ये. म्हणजे मार्कांच्या हिशोबाने बघायला गेलं तर फायदा जवळपास शून्य. आणि माझ्या मते म्हणूनच ते घ्यायला पाहिजे.

आमच्या लेकीच्या शाळेत प्रोजेक्ट लीड द वे चा अभ्यासक्रम आहे, १९९७ पासून चालू असलेला, बऱ्याच राज्यांत शाळा घेतात तो. त्यातला बारावीचा शेवटचा कोर्स म्हणजे इंजिनिअरिंग डिझाइन अँड डेव्हलपमेंट. ह्यात विषय सर देत नाहीत. पोरांनीच एखादी अडचण शोधायची, ती खरंच कुणाला तरी आहे हे लोकांना भेटून दाखवायचं, आधी कोणी काय केलंय ते पेटंटसकट बघायचं, मग डिझाइन, मग बनवणं, मोडणं, परत बनवणं, आणि शेवटी बाहेरच्या इंजिनिअर लोकांसमोर उभं राहून सांगायचं. सगळं एका वहीत, पेनाने, तारखेसकट, पान फाडायचं नाही. (पूर्वी इथे ज्याने शोध आधी लावला त्याला पेटंट मिळायचं, म्हणून तारखेच्या वहीला फार किंमत होती. २०१३ मध्ये कायदा बदलला, आता जो आधी अर्ज करेल त्याचं, पण वहीची सवय राहिली आणि फार चांगली सवय आहे.)

आमच्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन चालतात. इकडे वॉकरच्या मागच्या दोन पायांना टेनिस बॉल कापून लावतात ते बघितलं असेल. ते झिजतात, बर्फाच्या दिवसांत भिजतात आणि मग किचनच्या फरशीवर सटकतात. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणींनी हेच धरलं. पहिल्यांदा मऊ रबरासारख्या फिलामेंटचे बूट थ्रीडी प्रिंट केले. वॉकरच्या आडव्या दांडीला वीस पौंडांची तांदळाची पिशवी बांधली, सामान तोलायचा हुकचा काटा अडकवला, आणि ओल्या फरशीवर ओढून कितीला सरकतंय ते लिहून काढलं. बॉलच्या दुपटीहून जास्त पकड आली, घरात नुसता आनंद. मग आजींना दिला, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला वॉकर गालिच्याच्या कडेला असा काही अडकला की लेकीने धरलं म्हणून, नाहीतर आजी पडल्याच असत्या.

त्या रात्री ती जेवली नाही. वहीत एवढंच लिहिलेलं, पकड जास्त म्हणजे चांगलं असं नाही, ढकलताना सरकला पाहिजे, भार टाकला की थांबला पाहिजे. हे वाक्य कुठल्याही पुस्तकातून तिच्या डोक्यात गेलं नसतं हो, गेलं असतं तरी टिकलं नसतं.

मग बाहेर नायलॉनचं गुळगुळीत रिंगण, मधे रबर, वर स्प्रिंग असं काहीतरी सुचलं. शोधलं तर ह्याच धर्तीचं पेटंट आधीच आहे! रडारड. सर म्हणाले, उत्तम, म्हणजे अडचण खरी आहे, आता ते नीट वाचा आणि तुमच्या आजींसाठी त्यात काय कमी पडतं ते सांगा. कमी पडत होती ती स्प्रिंग. मऊ घेतली तर वॉकरच्या नुसत्या वजनाने रबर टेकतं आणि परत अडकतं, कडक घेतली तर आजी इतक्या हलक्या की रबर टेकतच नाही. माझा नवरा गाड्यांच्या सस्पेन्शनमध्येच काम करतो, त्याला ते गणित पाच मिनिटांचं, हात नुसते शिवशिवत होते. मी त्याला बेसमेंटमधून वर घेऊन आले. दोन आठवडे गेले त्यांचे, पण शेवटी तिघी बाथरूममधला वजनकाटा घेऊन शेजारी गेल्या, वॉकरचा एकेक पाय त्यावर ठेवला, आजींना म्हणाल्या नेहमीसारखा भार टाका, आणि आकडा वाचून स्प्रिंग निवडली.

मला हे इतकं का लागलं ते सांगते. मी पुण्यात डिप्लोमा केला. शेवटच्या वर्षी आम्ही चौघींनी पैसे काढले आणि दुकानातून न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, बेंडिंग मशीन तयार आणलं. रिपोर्ट आदल्या बॅचचा, वरचं पान बदललेलं. सरांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. ओरलला बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) एवढाच का घेतला? चौघी गप्प. मार्क मिळाले, चांगले मिळाले. पण तो प्रश्न मी पंचवीस वर्षं बरोबर घेऊन फिरतेय. आम्ही मठ्ठ नव्हतो, आम्हाला कोणी करूच दिलं नाही.

आणि कृपा करून कोणी असं म्हणू नका की हे अमेरिकेतच होतं. माझं आजोळ मंचरजवळचं, तिथून पाबळ काही लांब नाही. डॉ. कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतली पोरं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, फेरोसिमेंटचे, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लावलेले, पत्रे बनवतात, शेतीची कामं शिकतात, आणि नुसतं शिकायला नाही, गावातल्या लोकांची खरी कामं करून देतात. गेट वाकडं झालं तर ज्याचं गेट आहे तो येऊन सांगणार ना! शेजारच्या आजी काय आणि पाबळचा गेटवाला काय, परीक्षक तोच. लॅबचंच म्हणाल तर २०१६ पासून शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबला (पोरांनी स्वतः वस्तू बनवून बघायची लॅब) केंद्र सरकारचं वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. पैसा नाही म्हणून अडलंय असं मला तरी वाटत नाही. अडलंय ते ह्यावर, की सतरा वर्षांच्या पोराला आपण म्हणतो आधी जेईई आणि सीईटी होऊ दे, मग आयुष्यभर मशीनशीच खेळ. आणि ते पोर इंजिनिअरिंगला जातं तेव्हा त्याने साधा नट आवळलेला नसतो.

इथलेही आपले पालक कमी नाहीत बरं का. एका प्रेझेंटेशनला बघितलं, पार्ट इतका सुबक की मुलाला विचारलं हे कसं मशीन केलं तर तो बाबांकडे बघायला लागला. वाईट वाटलं मला त्या मुलाचं.

आमच्या लेकीला मेमध्ये एका रिटायर्ड इंजिनिअर काकांनी विचारलं, किती दिवस टिकेल हे? ती म्हणाली, सहा आठवडे झालेत, डावा बूट उजव्यापेक्षा जास्त झिजलाय, का ते अजून कळलेलं नाही. काका हसले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, दाखव बघू. पुढचा अर्धा तास ते दोघं त्या झिजलेल्या रबरावरच होते, बाकीच्या स्लाइड राहूनच गेल्या.

तर ताई, घेऊ दे त्याला. फेब्रुवारीत कोर्स निवडायचे असतील तेव्हा शाळेत जाऊन एवढंच विचार की विषय मुलं निवडतात की सर. सर देत असतील तर मला फोन कर, मग दुसरं काहीतरी बघू.