‘आधी चार चेंबरची झाकणं उघडा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार.

शहरातल्या जुन्या घराची ड्रेनेज लाईन वारंवार तुंबत असेल, किंवा असं घर विकत घ्यायचं असेल, तर पाईपमध्ये कॅमेरा घालून लाईनची एकदा तपासणी करून घ्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर नको ते लिहून गेले असते, म्हणून दोन दिवस थांबले.

बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. ४ इंची पाईपचा उतार मी चुकीचा दिला. साचलेल्या पाण्याखालचं आणि पाईपच्या बाहेरचं कॅमेऱ्याला दिसत नाही, ते मी सांगितलं नाही. जुनं घर दिसलं की तपासणी करा म्हणणं म्हणजे लोकांना घाबरवणं आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते : “ताई, जाणत्या प्लंबरला सळई घातली की हाताला कळतं. खुर्चीत बसून कॅमेरावाल्यांची जाहिरात करण्याआधी चार चेंबरची झाकणं स्वतः उघडून बघा.”

उताराचं तुमचं बरोबर आहे. ४ इंची पाईपला ४० फुटांत १ फूट आणि ६ इंचीला ६० फुटांत १ फूट, असा जुना ठोकताळा आहे. मी ६ इंचीचा आकडा ४ इंचीला लावला. चूक माझी, ती दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता शेवटचं वाक्य. ‘ताई’ म्हणून सुरुवात केली म्हणजे पुढचं काहीही खपून जातं, असं नसतं. त्या लेखात एकाही कंपनीचं किंवा यंत्राचं नाव नाही. कुणाला फोन करा असंही मी म्हटलेलं नाही. कॅमेरावाल्यांकडून मी कधी एक पैसा घेतलेला नाही. मग जाहिरात कशाची आणि कुणाची? मतभेद असू द्या, पण ओळखदेख नसलेल्या माणसावर पैसे खाल्ल्याचा वास येईल असं लिहिताना निदान लेख तरी नीट वाचायला हवा होता.

आणि झाकणं म्हणाल, तर आमच्या जुन्या घराचं चेंबर मी किती वेळा उघडलं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. झाकण गंजून चौकटीत धरून बसायचं, ते पहारीने उचकटावं लागे. संडास तुंबला की आधी चेंबर बघायचं, ते भरलेलं असेल तर अडथळा पुढे आणि कोरडं असेल तर मागे, हे मी वडिलांकडून शिकले. खुर्चीत बसून नव्हे, त्या चेंबरच्या काठावर उकिडवं बसून.

आमच्याकडे येणारे प्लंबर तीस वर्षं हेच काम करत होते. तुम्ही म्हणता तसेच जाणते, आणि कामाला प्रामाणिक. दर चार-सहा महिन्यांनी लाईन तुंबायची, ते सळई घालायचे, पाणी भसकन निघून जायचं. आम्ही सुटलो असं वाटायचं. एकदा मात्र सळई पुढे सरकेना. त्यांनी ती बाहेर काढून लांबी मोजली, घरातल्या बोळात येऊन टाचेने खूण केली आणि म्हणाले, इथेच बसलाय. लादी फोडली, खाली अडीच फूट खणलं. पाईप धडधाकट होता. सळई अडकली होती ती तिथल्या वळणावर. संडास दोन दिवस बंद. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, आणि ती काठी टेकत शेजाऱ्यांकडे जात होती. ते दोन दिवस मी विसरलेले नाही, म्हणून तो लेख लिहिला.

यात त्या प्लंबरांचा दोष मी तेव्हाही मानला नाही, आजही मानत नाही. दोष हाताचा नसतोच. सळईच्या टोकाला वळण लागलं, मुळांचा गुंता लागला, सरकलेल्या सांध्याची कड लागली किंवा खचलेला पाईप लागला, तरी हाताला येणारा धक्का जवळजवळ सारखाच असतो. शिवाय सळई आत वेटोळते, त्यामुळे आत गेलेली लांबी म्हणजे सरळ अंतर नव्हे. मुळांमधून तिने एक भोक पाडलं की पाणी वाहतं, आणि मुळं आहेत तिथेच राहतात. दर चार-सहा महिन्यांनी आमच्याकडे हेच चाललं होतं.

पुढे कॅमेरा घातला तेव्हा चेंबरपासून साडेसात मीटरवर चित्र दिसलं. चिनी मातीच्या पाईपचा एक सांधा सरकलेला, आणि त्यातून दाढीसारखी लोंबणारी मुळं. असे पाईप दोन-तीन फुटांच्या तुकड्यांचे असतात. १० मीटरच्या लाईनीत बारा-पंधरा सांधे सहज होतात, आणि सांध्यातलं सिमेंट तडकलं की केसाएवढं मूळ आत शिरायला तेवढं पुरतं. कॅमेऱ्याच्या डोक्यात संकेत सोडणारा एक छोटा प्रक्षेपक होता, बहुधा ५१२ हर्ट्‌झचा असतो. तो संकेत पकडणारं यंत्र जमिनीवर फिरवून त्याची जागा शोधली. ती घराच्या बाहेर, भिंतीपलीकडे निघाली. एक खड्डा, एक सांधा, एका दिवसात काम झालं. बोळातली लादी फोडायची गरजच नव्हती.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पाईपचं तर आणखी वेगळं. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, पाण्याच्या वरच्या ओलसर भागात जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि पाईपचं छत आतून खाल्लं जातं. सळई तर तळावरून घासत जाते. खाल्लेलं छत कितीही जाणत्या हाताला कुठून लागणार? मला याचं उत्तर तुमच्याकडून खरंच हवं आहे.

पाण्याखालचं दिसत नाही, हे खरं. पण पाईपमध्ये पाणी साचून राहिलंय हे दिसणं म्हणजेच तिथे पाईप खाली खचल्याचं कळणं. लाईन आधी जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, धुऊन मग कॅमेरा घालायचा, हेही लेखात आहे. गळती बघायची तर लाईनचं टोक बंद करून पाणी भरून ठेवायची चाचणी असते. तो वेगळा विषय आहे, त्यावर मी लिहिलं नाही म्हणजे दडवलं असं होत नाही.

घाबरवण्याबद्दल इतकंच, की ज्यांची लाईन वर्षानुवर्षं सुरळीत आहे त्यांना मी काही करायला सांगितलेलंच नाही. वारंवार तुंबणारी लाईन, किंवा जुनं घर विकत घेण्याआधीची वेळ, एवढंच लिहिलं होतं. तिसरा परिच्छेद पाहा.

उताराचा आकडा आज सकाळी लेखात दुरुस्त केला आहे. जाहिरातीबद्दलचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. घेतलं नाहीत तरी तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. ती आहे तिथे राहील, आणि तिच्याखाली हे उत्तर राहील.