शून्य, एक आणि मधलं काहीतरी

डिजिटल लॉजिक, म्हणजे ० आणि १ वर चालणाऱ्या सर्किटचं शास्त्र, शिकायला घेतलं ते निव्वळ आळसापोटी. एरवीच्या गणितात आकडे दहा, इथे फक्त दोन. म्हणजे कष्ट एकपंचमांश, असा सरळ हिशोब. बुलियन बीजगणिताच्या पहिल्याच पानावर १ + १ = १ असं छापलेलं होतं. थोडं पुढे गेल्यावर तेच पुस्तक बेरजेच्या सर्किटबद्दल बोलताना १ + १ = १० म्हणू लागलं. आणि दोन्ही बरोबर! एकीकडे १ म्हणजे खरं आणि अधिकचं चिन्ह म्हणजे 'किंवा', दुसरीकडे खरीखुरी द्विमान बेरीज, जिच्यात दोन हे १० असे लिहितात. खरं आणि खोटं यांपलीकडे काही न मानणाऱ्या शास्त्राने असं दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं राहावं, याची दाद मागायची कुणाकडे?

जॉर्ज बूलकडे मागता आली असती. पण १८५४ साली त्याने माणसाच्या विचारांचे नियम म्हणून हे बीजगणित मांडलं, तेव्हा त्याचा वायरींशी काडीचा संबंध नव्हता. तो जोडला क्लॉड शॅननने, १९३७ च्या आपल्या प्रबंधात: हेच गणित रिले (विजेने चालणारे स्विच) आणि साध्या स्विचच्या जाळ्याला तंतोतंत लागू पडतं म्हणून. पोरगा तेव्हा विशीत होता. या वयात लोकांनी जरा खेळावं-बागडावं, म्हणजे पुढच्यांचे हाल वाचतात.

मग के-मॅप. सर्किट छोटं करण्यासाठी मॉरिस कार्नोने १९५३ मध्ये मांडलेला चौकटींचा तक्ता. त्याचे रकाने ००, ०१, ११, १० या क्रमाने येतात, कारण शेजारच्या दोन खणांत एकच बिट, म्हणजे ० किंवा १ चा एकच अंक, बदलायला हवा. शिवाय डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला चिकटलेली आहे असं मनात धरायचं. चार कोपऱ्यांत चार १ दिसले तर ते सख्खे शेजारी! मात्र याच तक्त्यात 'डोन्ट केअर' नावाचा खण असतो. तिथे ० घ्या नाहीतर १, कुणाचं काही बिघडत नाही. अख्ख्या विषयात माझ्या स्वभावाला मानवलेली ही एकमेव संकल्पना.

कागदावरचं हे सगळं सुख ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून सर्किट जुळवायच्या भोकांच्या पाटीवर, येईपर्यंत. ७४०० या आयसीत (चिपमध्ये) चार नॅन्ड गेट; नॅन्ड म्हणजे सगळी इनपुट १ असतील तेव्हाच ० देणारं, एरवी १ देणारं. पिन १ आणि २ इनपुट, ३ आउटपुट. हे घोकून ७४०२ लावावी, तर तिचं आउटपुट पिन १ वर. मधे रिकामी राहिलेली इनपुट ही वेगळीच जमात. आयसी बनवायच्या दोन पद्धती, टीटीएल आणि सीमॉस. जुन्या टीटीएल आयसीत मोकळं इनपुट सहसा १ समजलं जातं. सीमॉसमध्ये ते कशावरही विश्वास ठेवतं. माझा एलईडी हात जवळ नेला की लागायचा, लांब नेला की विझायचा. टेबलाशी बसून मी हवेत हात हलवतोय हे दृश्य घरच्यांनी दारातून पाहिलं आणि काही न विचारता निघून गेले. दहा किलोओहमच्या एका रेझिस्टरने इनपुट पाच व्होल्टला बांधलं तेव्हा कुठे ही भुताटकी थांबली.

पुढे काउंटर. बटण एकदा दाबलं की आकडा एकने वाढावा, एवढीच माफक अपेक्षा. तो तीनने वाढे, कधी पाचने. बटणाचे धातूचे संपर्क टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. आपल्याला तो एक ठोका वाटतो, सर्किट मात्र प्रत्येक थरथर प्रामाणिकपणे मोजतं.

त्यावर उपाय म्हणून दोन नॅन्ड गेट एकमेकांत गुंतवून एसआर लॅच, म्हणजे शेवटचा ० किंवा १ धरून ठेवणारं सर्किट, बांधायचा; पहिला ठोका पकडला की पुढच्या थरथरीकडे तो लक्ष देत नाही. आधी नुसता लॅच तपासावा म्हणून त्याला दोन बटणं आणि दोन दिवे लावले. पुस्तकात ताकीद होती: दोन्ही इनपुट एकाच वेळी ० करू नयेत. अर्थात दोन्ही बटणं दाबून आधी तेच केलं. एकमेकांच्या विरुद्ध असायला हवीत अशी दोन्ही आउटपुट १ झाली, दोन्ही दिवे लागले. गंमत पुढे आहे. बटणं एकदम सोडली की एकच दिवा लागलेला राहतो, आणि तो कोणता हे पुस्तक सांगत नाही.

काउंटर तसाच पडून आहे, पण लॅचला घरात काम मिळालं: रात्री भांडी कुणी घासायची ते त्यावर ठरतं. आपला दिवा बायको निवडते, उरलेला माझा. भांडी बहुतेकदा मीच घासतो. एका बाजूचं गेट किंचित चपळ असावं, आणि ते तिच्या माझ्याआधी लक्षात आलेलं असावं.