दुःख भोगणारा दोषीच असतो, असं ग्रीक नाटककार म्हणत नाहीत

‘ग्रीक शोकात्मिकांनी जगाला शिकवलेली पाच सत्यं’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. ती पाच सत्यं अशी: सगळं विधिलिखित असतं, माणूस नियतीच्या हातातलं बाहुलं. दुःख कोणावरही विनाकारण येत नाही, ईडिपस (नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेला थीब्जचा राजा) स्वतःच्या अहंकारामुळे बुडाला. देवाचा न्याय अचूक असतो, अगदी आपल्या कर्मसिद्धांतासारखा. दुःखातून माणूस शहाणा होतो. आणि शोकात्मिकेचा शेवट मरणातच होतो, म्हणून जे वाट्याला येईल ते निमूट स्वीकारावं.

हा मेसेज एका नातेवाइकाने माझ्या मावसबहिणीला पाठवला. तिचा तरुण मुलगा गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, “तो दुसरा मुद्दा खरंच त्यांनी लिहून ठेवलाय का गं?”

नाही. तो मुद्दा मूळ म्हणण्याच्या बरोबर उलटा आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलं आहे, ते कोणीही उघडून बघावं. तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल विचार करतो की कोणाचं पतन रंगमंचावर दाखवलं तर बघणाऱ्याच्या मनात करुणा आणि भीती उपजेल. एखादा दुर्जन वैभवातून खाली आला, तर प्रेक्षकाला ते बरं वाटेल, पण करुणाही वाटणार नाही आणि भीतीही. म्हणजे ती शोकात्मिका होणार नाही. करुणा वाटते ती, वाट्याला यायला नको होतं असं संकट ज्याच्यावर कोसळतं त्याच्याबद्दल. भीती वाटते ती तो आपल्यासारखाच असतो म्हणून. मग नायक कसा हवा? सद्गुणांचा पुतळा नको, पण त्याचं पतन दुष्टपणामुळे होता कामा नये, हातून झालेल्या एखाद्या मोठ्या चुकीमुळे व्हावं. आणि इथे उदाहरण म्हणून नाव येतं ते ईडिपसचं! मेसेज लिहिणाऱ्याने ज्याला ‘केलं तसं भरलं’चा नमुना म्हणून उभं केलं, त्याचं नाव ॲरिस्टॉटल नेमकं विरुद्ध बाजूने घेतो. ‘केलं तसं भरलं’ अशी गोष्ट त्याच्या मते शोकात्मिकाच नव्हे.

ॲरिस्टॉटल या नाटकांनंतर शंभरेक वर्षांनी लिहीत होता, असं कोणी म्हणेल. ठीक आहे, मग नाटककार सोफोक्लीजचं ईडिपसवरचं नाटकच बघू. पु. ल. देशपांड्यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलं आहे, तेव्हा भाषा येत नाही ही सबब नको.

ईडिपस तापट आहे, हे मी मान्य करते. आंधळ्या द्रष्ट्या टायरेसिअसवर आणि मेहुण्या क्रिऑनवर तो कटाचा आळ घेतो, म्हाताऱ्या धनगराला दमदाटी करतो. पण हे सगळं घडतं तोवर बापाची हत्या आणि आईशी लग्न होऊन वर्षं लोटली आहेत, चार मुलं झाली आहेत. आजचा संताप कित्येक वर्षांपूर्वीच्या घटनेचं कारण कसा ठरेल? बरं, ती हत्या तरी कशी झाली? तिठ्यावर त्याला बळजबरीने वाटेबाहेर ढकलायला लागले, त्याने सारथ्याला मारलं, आणि रथातल्या म्हाताऱ्याने, म्हणजे त्याला माहीत नसलेल्या बापाने, त्याच्या डोक्यात पराणी हाणली. हा एकटा, समोर पाच माणसं. आणि हा त्या वाटेवर होता का? तर बापाला मारशील अशी देववाणी डेल्फीत, अपोलोच्या देवळात, ऐकली म्हणून. ज्यांना तो आईबाप समजत होता त्यांच्या केसालाही धक्का लागू नये, यासाठी कॉरिंथचं युवराजपद सोडून तो निघाला होता. यात अहंकार कुठे आहे, मला कोणी दाखवून द्यावं.

खरं तर त्याला बुडवतात ते त्याचे चांगले गुण. थीब्जमध्ये रोगाची साथ पसरली आहे, माणसं मरत आहेत, आणि राजा म्हणून तो आधीच्या राजाच्या, लायसच्या, मारेकऱ्याचा शोध सोडत नाही. हा लायसच त्याचा बाप. त्याच्या बायकोला, म्हणजे खरं तर आईला, योकास्टाला आधी उमगतं. ती विनवते की आता पुढे विचारू नकोस. तान्ह्या ईडिपसला वाचवणारा तो धनगर म्हणतो, भयंकर काहीतरी माझ्या तोंडून निघणार आहे. ईडिपसचं उत्तर असं की मलाही ते ऐकावं लागणार आहे, आणि मी ऐकणारच. इतक्या सचोटीच्या माणसाला ‘अहंकारामुळे बुडाला’ म्हणायचं आणि ते पोरगा गमावलेल्या बाईला पाठवायचं, म्हणजे तिलाही सुचवायचं की बघ, तुझंच काहीतरी चुकलं असणार!

सोफोक्लीज इथे थांबलाही नाही. नव्वदीच्या आसपास त्याने पुन्हा ईडिपसवर नाटक लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१ मध्ये सादर झालं. त्यात क्रिऑन भर लोकांत जुनी पापं काढतो, तेव्हा आंधळा, भटका ईडिपस गप्प बसत नाही. तो विचारतो: माझ्या जन्माआधीच बापाला देववाणी झाली असेल, तर दोष माझा कसा? तुझ्यावर कोणी आत्ता शस्त्र उगारलं, तर हा माझा बाप आहे का, अशी चौकशी करत बसशील का? ही कृत्यं मी केली त्याहून जास्त ती मी सोसली, असंही तो या नाटकात म्हणतो. आणि शेवटी देव त्याला बोलावून घेतात, त्याची समाधी अथेन्सचं रक्षण करणारी ठरते. पापी म्हणून शिक्षा भोगणाऱ्या माणसाला असा शेवट दिला असता का?

आता देवाचा अचूक न्याय. नाटककार एस्किलसमध्ये ‘करेल तो भोगेल’ हा नियम ठणकावून येतो, हे खरं. पण ग्रीकांचा हा न्याय घराण्याला धरून चालतो. अत्रेउस राजाने भावाची मुलं मारली आणि त्याच्या पुढच्या पिढ्या पोळल्या. अथेन्सचा कायदेकार कवी सोलोन याने तर कवितेत उघड म्हटलं आहे की गुन्हेगार सुटला तर त्याची निरपराध मुलं, नातवंडं फेडतात. ज्याचं कर्म त्यालाच फळ, असा कर्मसिद्धांताचा हिशोब इथे कुठे आहे? आणि तिसरा नाटककार युरिपिडीज तर देवांनाच जाब विचारतो. इ.स.पू. ४१५ मध्ये त्याचं ट्रॉयच्या स्त्रियांवरचं नाटक झालं. त्याच्या थोडंसंच आधी अथेन्सने मीलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांची कत्तल केली होती, बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं होतं. नाटकात ट्रॉयचा योद्धा हेक्टर याचा लहानगा मुलगा तटावरून खाली फेकला जातो आणि आजी त्याचं प्रेत बापाच्या ढालीवर ठेवते. त्या बाळाचं कुठलं कर्म होतं?

युरिपिडीजचंच महावीर हेराक्लीजवरचं नाटक माझ्या बहिणीसाठी जास्त जवळचं आहे. हेरा देवी द्वेषापोटी हेराक्लीजवर वेड पाठवते. ते वेड मूर्तिमंत होऊन रंगमंचावर येतं, आणि या माणसाचा असा नाश करू नका, असं ते स्वतःच सांगून बघतं. तरी हुकूम पाळावाच लागतो. हेराक्लीज स्वतःच्या हाताने बायको-मुलांना मारतो. शुद्धीवर आल्यावर त्याला मरायचं असतं. डोकं झाकून, आपला विटाळ कोणाला लागू नये म्हणून तो लांब बसतो. तेव्हा त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थिसिअस येतो. तू काय पाप केलं होतंस, असं तो विचारत नाही. विटाळाची पर्वा न करता त्याचं तोंड उघडं करायला लावतो, त्याला हात देतो, अथेन्समध्ये घर आणि जमीन देऊ करतो. हेराक्लीज जगायचं ठरवतो. सांत्वनासाठी ग्रीकांकडून काही घ्यायचंच होतं, तर ते इथे होतं.

नियतीबद्दल थोडक्यात. देववाणी टळत नाही, एवढं मान्य. पण बापाला मारशील, आईशी लग्न करशील, तिच्यापासून मुलं होतील, याहून जास्त त्या देववाणीने काही सांगितलं नव्हतं. सत्य खणून काढणं आणि डोळे फोडणं ईडिपसने स्वतः केलं. तो तसं बोलूनही दाखवतो: ही दुःखं अपोलोने आणली, पण डोळ्यांवर वार करणारा हात माझाच. बाहुलं असं बोलत नाही.

दुःखातून शहाणपण येतं, हे वाक्य मात्र खरंच एस्किलसचं आहे. इ.स.पू. ४५८ च्या ‘अगामेम्नॉन’मध्ये वृद्धांचा कोरस ते गातो. पण ते येतं कुठे, हे मेसेजमध्ये नाही. त्याच गाण्यात पुढे राजा अगामेम्नॉन आपल्या मुलीचा, इफिजिनियाचा, बळी देतो. ती ओरडू नये म्हणून तिचं तोंड बांधलेलं असतं. ती काय शिकली? युरिपिडीजची हेक्युबा, ट्रॉयची राणी, दुःखातून शिकली ती शत्रूची मुलं मारून त्याचे डोळे फोडायला. सोसल्यावर कोणी शहाणं होतं, कोणी कडवट होतं, कोणी मोडून पडतं. ग्रीकांनी हे तिन्ही दाखवलं.

शेवटचा मुद्दा तर निव्वळ चूक आहे. आईला मारलेला एस्किलसचा ओरेस्टीस अथेन्सच्या न्यायालयात निर्दोष सुटतो, आणि फिलोक्टेटीस, इऑन, हेलन ही नाटकं संपतात तेव्हा नायक-नायिका जिवंत असतात. निमूट स्वीकारणारं तर यांत कोणीच नाही. राजाचा हुकूम मोडून भावाला मूठमाती देणाऱ्या अँटिगनीला तरी विचारा.

मेसेज ज्यांनी ज्या ज्या ग्रुपवर टाकला असेल, त्यांनी तिथे जाऊन निदान दुसरा मुद्दा चूक आहे एवढं लिहावं. आणि ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे अशा कोणाला तो पाठवला असेल, तर त्या माणसाला फोन करून माफी मागावी.