गाड्या मोजू नका, माणसं मोजा

कॅलिफोर्नियात ३० सप्टेंबर २०२५ ला इलेक्ट्रिक गाड्यांचे कारपूल स्टिकर बंद झाले. कारपूल लेन म्हणजे फ्रीवेवरची, बस आणि दोन किंवा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखून ठेवलेली लेन; स्टिकर असला की एकट्यालाही तिथून जाता यायचं. इथल्या आमच्या मराठी ग्रुप्सवर त्यावरून बरीच हळहळ झाली. "एवढी महागाची गाडी घेतली ती त्या लेनसाठीच ना!" असं लोकांनी उघडच लिहिलं. त्यांची चिडचिड मला कळते. तरीही मी म्हणेन की झालं ते योग्य झालं, आणि ते बरंच आधी व्हायला हवं होतं.

ही सवलत १९९९ च्या राज्य कायद्याने आली. गाडी स्वच्छ असेल तर आत एकटा चालक असला तरी कारपूल लेन खुली. पुढे हायब्रिड गाड्यांनाही पिवळे स्टिकर मिळाले, ८५,०००. ते २०११ मध्ये बंद झाले, पण तोवर नव्या रंगांच्या स्टिकरची तयारी चालूच होती. सॅक्रामेंटोने, म्हणजे राजधानीतल्या राज्य सरकारने, तर मुदत २०२७ पर्यंत वाढवायचा कायदाही केला होता. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, परवानगी संपली म्हणूनच हे थांबलं. आमदारांना ही सवलत का आवडते ते उघड आहे. तिजोरीतून एक डॉलर काढावा लागत नाही आणि मतदार खूश होतो. किंमत मोजतो तो त्या लेनमधल्या बसमध्ये बसलेला माणूस.

हे मी हवेत बोलत नाही. मी रोज ज्या रस्त्याने कामाला जातो, त्या १० नंबरच्या फ्रीवेवरच हे एकदा घडून गेलंय. एल मॉन्टे ते लॉस एंजेलिस डाउनटाउन हा बसवे १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा फक्त बससाठी. १९७६ पासून तिघे असलेल्या मोटारींनाही त्यात प्रवेश मिळाला. बाकी फ्रीवेंवर दोघे चालतात, मग इथेच तिघे का, अशी तक्रार होती. म्हणून राज्याने कायदा करून १ जानेवारी २००० पासून इथेही अट दोघांवर आणली.

पुढे काय झालं त्याचे आकडे नोंदवलेले आहेत. सकाळच्या गर्दीत बसवेवरचा वेग ताशी ६५ मैलांवरून २० वर आला. तासाला जाणाऱ्या गाड्या ११०० वरून १६०० झाल्या, आणि माणसं? ५९०० होती, ती ५२०० वर आली. गाड्या वाढल्या आणि माणसं कमी झाली! बरं, शेजारच्या साध्या लेन तरी मोकळ्या झाल्या असतील? त्यांचा वेग २५ होता, तो २३ झाला. म्हणजे कोणाचंच भलं झालं नाही. बस वीस-तीस मिनिटं उशिरा पोचायला लागल्या, प्रवासी भडकले, आणि त्याच विधिमंडळाला तातडीचा कायदा करून २४ जुलैपासून गर्दीच्या वेळेपुरती तिघांची अट परत आणावी लागली.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. फक्त मोजमाप चुकलं. रस्त्यावरून जाताना ती लेन रिकामी दिसते आणि 'वाया चालली आहे' असं वाटतं. पण त्यातून भरलेली एक बस गेली की शेजारच्या लेनमधल्या चाळीस गाड्यांइतकी माणसं एका क्षणात पुढे गेलेली असतात. लेन मोकळी दिसते, कारण ती आपलं काम करत असते.

व्हर्जिनियातल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या शर्ली हायवेवर १९६९ मध्ये बसची वेगळी लेन सुरू झाली, आणि १९७३ मध्ये ती चौघांच्या कारपूललाही खुली झाली. अट कडक, त्यामुळे लोकांनी आपणहून वाट काढली. ठरलेल्या ठिकाणी रांगेत उभं राहायचं, गाडी थांबली की चालक ठिकाण सांगतो, 'पेंटॅगॉन', आणि पुढचे दोन-तीन जण बसतात. ओळख नाही, पैसे नाहीत. चालकाला लेन मिळते, बाकीच्यांना फुकट प्रवास. कोणत्याही सरकारी खात्याने ही पद्धत बसवून दिलेली नाही. अट पुढे तिघांवर आली, तरी रांगा चालूच राहिल्या. दोघांचीच अट असती तर नवरा-बायकोनेच ती पूर्ण केली असती.

कडक अट लावायला इथले नेते बिचकतात, त्याला इतिहास आहे. १९७६ च्या मार्चमध्ये सांता मोनिका फ्रीवेवरची चालू लेनच कारपूलसाठी काढून घेतली गेली. एवढा भडका उडाला की ऑगस्टमध्ये फेडरल न्यायाधीशांनी, पर्यावरणाचा अभ्यास केला नाही या कारणावरून, ती थांबवली. तेव्हापासून असलेली लेन काढून घ्यायची हिंमत कोणी फारशी केलेली नाही. नवीन लेन बांधायची आणि मग ती हळूहळू वाटत सुटायचं, हेच चाललंय.

वाटण्याचा आताचा प्रकार म्हणजे टोल. आमच्या बसवेची २०१३ मध्ये एक्सप्रेस लेन झाली. काचेला लावलेल्या, आपोआप टोल कापणाऱ्या फास्टट्रॅकच्या डबीवर १, २, ३ असं छोटं बटण असतं. आम्ही तिघं शेजारी एकत्र जातो, ३ वर ठेवतो, टोल लागत नाही. एकटा माणूस पैसे भरून त्याच लेनमध्ये येतो. माझा टोलला सरसकट विरोध नाही, पैसा बससाठी वापरला गेला तर नाहीच. पण लेनचा वेग पडू लागला की पहिल्यांदा बाहेर जायला हवा तो हा एकटा चालक, त्याने कितीही पैसे भरले असले तरी.

फेडरल कायद्यात मर्यादा आहेच: गर्दीच्या वेळी दहापैकी नऊ वेळा तरी ताशी ४५ मैलांचा वेग टिकला पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या कित्येक कारपूल लेन या कसोटीला वर्षानुवर्षं उतरत नाहीत आणि त्यावर फक्त अहवाल लिहिले जातात. स्टिकरसारखी दुसरी सवलत आणायचा प्रस्ताव सॅक्रामेंटोत पुन्हा येईलच. तो आला की मी माझ्या आमदाराला लिहिणार आहे. त्या लेनमधून तासाला किती माणसं जातात हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा, आणि आकडा घसरला की सवलत आपोआप रद्द होईल असं कलम विधेयकातच घाला. इथे राहणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही विनंती, आपापल्या आमदाराला हेच लिहा. इंग्रजी मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.