‘शैक्षणिक गेम म्हणजे स्क्रीन टाइम नव्हे’ : बालवाडीच्या वर्गातून एक प्रतिवाद

जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन पालकांनी पाठवला आणि ‘ताई, हे खरे आहे का?’ असे विचारले. त्याचा आशय असा : मेंदूची ९० टक्के वाढ पाचव्या वर्षापर्यंत होते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून शैक्षणिक गेम सुरू करावेत, हे गेम शिकवतात, त्यामुळे ते ‘स्क्रीन टाइम’मध्ये धरू नयेत, अक्षरे आणि आकडे त्यांतून बालवाडीपेक्षा लवकर येतात, बोटाने अक्षर गिरवल्याने लेखनाची तयारी होते, आणि ज्यांना हे मिळणार नाही ती मुले संगणकयुगात मागे पडतील. कोथरूडच्या एका बालवाडीत मी १९ वर्षे छोट्या गटाला शिकवते आहे. हा संदेश पालक मुलांच्या काळजीपोटीच पुढे पाठवतात, म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मेंदूच्या टक्केवारीपासून सुरुवात करू. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढाच्या साधारण ९० टक्के झालेले असते, एवढेच त्या आकड्यात तथ्य आहे. आकारमान म्हणजे शिक्षण नव्हे. मेंदूतल्या जोडण्या पुढे विशीपर्यंत घडत आणि गळत राहतात. सुरुवातीची वर्षे मोलाची असतात हे मी मनापासून मानते, परंतु त्यावरून पडदा लवकर द्यावा हे सिद्ध होत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांपैकी काहींशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बारा वेळा खेळली आणि त्यांना पुस्तके वाचून दाखवली, तर काही बाळांना तीच माणसे आणि तेच बोलणे पडद्यावर दाखवले गेले. पहिल्या गटातल्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांना मात्र काहीच साधले नाही. हा प्रयोग तान्ह्या बाळांचा होता आणि त्यात गेम नव्हता, हे खरे. पण ‘मेंदू लवकर घडतो, म्हणून पडदा लवकर द्या’ या तर्काला उत्तर म्हणून तो पुरेसा आहे.

दुसऱ्या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडद्यापुढे घालवायचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास ठेवतात, आणि तोही जितका कमी तितका चांगला असे सांगतात. पडद्यापुढच्या वेळाचे उदाहरण देताना त्यात संगणकावरचे गेम नाव घेऊन सांगितलेले आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि पाचपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली एका तासाहून अधिक नको, असेच सांगितले. ‘शैक्षणिक’ ही चिठ्ठी ॲप विकणारा स्वतःच लावतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी लहान मुलांची अशी १२४ ॲप तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक ॲप कमी दर्जाची आढळली आणि वरच्या गुणांपर्यंत केवळ ७ पोहोचली.

तिसरे विधान पालकांना सर्वांत खरे वाटते, कारण त्याचा पुरावा त्यांना घरात दिसतो. गेल्या जुलैत साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या आईने मला तिचा गेम दाखवला. पडद्यावर फुगे येत, मुलगी बोटाने एकेक फोडी आणि फोनमधल्या आवाजाबरोबर वीसपर्यंत बिनचूक म्हणे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्यापुढे चिंचोक्यांची वाटी ठेवली आणि म्हटले, ‘मला पाच दे.’ तिने मूठभर चिंचोके माझ्या तळहातावर ठेवले. ‘हे पाच आहेत का?’ तिने एकेकावर बोट ठेवत मोजायला घेतले, एक चिंचोका दोनदा मोजला, अकरापर्यंत गेली आणि म्हणाली, ‘हो, पाच.’

यात त्या मुलीचे काहीही चुकले नव्हते. त्या वयात असेच होते. आकड्यांचा क्रम पाठ असणे आणि मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच ‘एकूण किती’ हे उमगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आगेमागे उमगते. गेममध्ये फोडलेला फुगा नाहीसा होतो, त्यामुळे तो दोनदा मोजला जाण्याची शक्यताच उरत नाही. म्हणजे मोजण्यातले जे खरे कष्टाचे काम, ते मुलासाठी गेमच उरकून टाकतो. आम्ही त्या मुलीला रोज खाऊच्या वेळी आपल्या रांगेतल्या पाच जणांना वाट्या मांडायला सांगू लागलो. वाटी कमी पडली की कोणीतरी ‘मला नाही’ म्हणून ओरडे, आणि ती परत मोजी. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने सात चिंचोक्यांतले दोन आपण होऊन वाटीत परत टाकले.

अक्षरांच्या बाबतीत मराठी मुलांची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. पण देवनागरी शिकवणारी अनेक ॲप हिंदी वळणाचा टंक (फॉन्ट) वापरतात. मूल घरी एक ‘ल’ गिरवते आणि शाळेच्या फळ्यावर त्याला दुसराच ‘ल’ दिसतो. चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे उच्चारायचे असतात, हेही ॲपमधल्या आवाजांना ठाऊक नसते. घरातल्या आजीला ते न शिकवता येते.

लेखनाच्या तयारीचे म्हणाल तर काचेवर बोट फिरवताना धरायला काही नसते आणि दाब द्यावा लागत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरे कोऱ्या कागदावर स्वतः काढली, काही गिरवली आणि काही कळफलकावर दाबली. नंतर ती पाहताना, स्वतः काढलेल्या अक्षरांनीच मेंदूतले वाचनाशी निगडित भाग ठळकपणे जागे केले. कणीक मळणे, मटार सोलणे, मणी ओवणे, पाटीवर वेडेवाकडे काढणे, ही त्या हाताची तयारी. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, शंख-शिंपले यांवरच बालशिक्षण उभे केले, आणि ते साहित्य आजही प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.

मागे पडण्याची भीती मला निराधार वाटते. पाच वर्षांपर्यंत पडदा न पाहिलेली माझी मुले पहिली-दुसरीत गेल्यावर माउस आणि टॅब काही दिवसांत हाताळू लागतात. उशिराने ज्याचे नुकसान होते, ते बोलणे, ऐकणे आणि हाताचे काम असते.

तरीही गेम घरात आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या आईवडिलांची ओढाताण मी रोज पाहते. मोठे माणूस शेजारी बसलेले असावे, जाहिराती नसाव्यात आणि गेम बंद झाल्यावर तोच विषय घरात चालू राहावा, एवढ्या अटी पाळल्या तर पंधरा-वीस मिनिटांनी बिघडत नाही. मोठ्या गटातल्या एका मुलाचे बाबा त्याच्याबरोबर फळे आणि भाज्या वेगवेगळ्या टोपल्यांत टाकण्याचा गेम खेळले आणि रविवारी त्याला महात्मा फुले मंडईत घेऊन गेले. गेममध्ये लिंबू फळांच्या टोपलीत होते. मंडईत ते मिरच्या-कोथिंबिरीशेजारी मिळाले, आणि लिंबू नेमके कुठल्या टोपलीत टाकायचे, यावर दोघे घरी पोहोचेपर्यंत बोलत होते.