प्रकाशाने वाकणारे प्लास्टिक आणि त्याच्या नावावर खपवला जाणारा दावा

प्रकाश पडताच वाकणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीची चित्रफीत दाखवून सध्या असा दावा सर्रास केला जातो की, असे पदार्थ प्रकाशाच्या दाबाने ढकलले जातात, ऊन असेपर्यंत अखंड हलत राहतात आणि म्हणून सौरपॅनेल, बॅटरी व मोटार या तिन्हींची गरज लवकरच संपणार आहे. या दाव्यामुळे एका विलक्षण संशोधनाविषयी भलतीच समजूत पसरते, म्हणून त्याचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

प्रथम दाबाविषयी. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशाचा दाब आरशासारख्या पृष्ठभागावरही दर चौरस मीटरला जेमतेम ९ मायक्रोन्यूटन (न्यूटन या बलाच्या एककाचे ९ दशलक्षांश) भरतो. २०१० मध्ये जपानच्या 'इकारोस' यानाला तो उपयोगी पडला, कारण त्याचे शीड विस्तीर्ण होते आणि अवकाशात हवेचा अडथळा नव्हता. शिवाय दाबाने ढकललेली पट्टी प्रकाशापासून दूर गेली असती. तोक्योतील तोमिकी इकेदा यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलेली पट्टी मात्र प्रकाशाकडे वाकते, आणि ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची कंपनदिशा बदलली की वाकण्याची दिशाही बदलते. तिच्यातील ॲझोबेंझीनचा लांबट रेणू सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषून मध्येच दुमडतो व त्याच्या टोकांमधील अंतर ९ अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) साधारण ५.५ अँगस्ट्रॉमवर येते. हा प्रकाश वरच्या पातळ थरातच शोषला जात असल्याने तेवढाच थर आखडतो, खालचा आहे तसा राहतो, आणि पट्टी वाकते.

अखंड हालचालीचा मुद्दा अधिक बारकाईने पाहावा लागतो. स्थिर प्रकाशात रेणूंचे दुमडणे आणि उलगडणे यांचा समतोल साधला की पट्टी वाकलेल्या अवस्थेतच थांबते. ती सरळ व्हायला दृश्य प्रकाश किंवा उष्णता लागते. याला अपवाद आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी दोन्ही टोके पक्की केलेल्या पट्टीवर स्थिर प्रकाश टाकून तिच्यात एकामागून एक लाटा उठवल्या. उंचावलेला भाग स्वतःच्याच मागे सावली पाडतो, सावलीतले रेणू क्षणार्धात पूर्ववत होतात आणि लाट पुढे सरकते. हे साधले ते झटपट उलगडणारे रेणू निवडून आणि पट्टीची मांडणी नेमकी करून. नुसत्या उन्हात ठेवलेल्या कोणत्याही पट्टीकडून ही अपेक्षा करता येत नाही.

राहिला मोटारीचा प्रश्न. आजचे सौरपॅनेल सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करते आणि चांगली मोटार त्यातील ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा गतीत उतरवते. वाकणाऱ्या पट्ट्यांची कार्यक्षमता बहुधा एक टक्काही भरत नाही, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग मुळातच थोडा असतो. या पदार्थांचे खरे क्षेत्र तार जिथे नेता येत नाही तिथे आहे. २०१६ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी अशाच पॉलिमरच्या बारीक नळीवर प्रकाश टाकून तिचा व्यास एका बाजूने बदलला, आणि आतला द्रव केशाकर्षणाने, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणाने, हव्या त्या दिशेला सरकवला. त्यासाठी ना पंप लागला, ना वीजजोडणी.